ऑक्सिमीटरवरचा ९५ हा आकडा किती खरा? लॅबमधली चाचणी आणि आपलं बोट

कोरोनाच्या काळात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आला आणि ९४ हा आकडा सगळ्यांचा पाठ झाला. आता तेच मोजमाप स्मार्टवॉचमध्ये आणि फिटनेस बँडमध्येही मिळतं. माझ्याकडच्या ऑक्सिमीटरच्या खोक्यावर अचूकता ±२% अशी छापलेली आहे. हे ±२% नेमके कुणाच्या बोटावर मोजले, ते आज पाहूया.

ऑक्सिमीटर काम कसं करतो?

१९७४ मध्ये जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी याचं तत्त्व मांडलं. बोटाच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश सोडतात: एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड (साधारण ९४० नॅनोमीटर). ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं-जातं, त्यामुळे पलीकडे पोहोचणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून यंत्र एक गुणोत्तर काढतं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या गुणोत्तरावरून टक्केवारी कशी येते? नुसत्या सूत्रातून नाही. यंत्रात आधीच एक तक्ता भरलेला असतो: अमुक गुणोत्तर आलं की अमुक टक्के दाखव. हा तक्ता लॅबमधल्या माणसांच्या रक्तावरून बनवलेला असतो. म्हणजे तुमचं बोट आत गेलं की यंत्र त्याची तुलना त्या माणसांच्या बोटांशी करत असतं.

मग लॅबमध्ये असतं कोण?

निरोगी, बहुतेक तरुण स्वयंसेवक. त्यांना शांत झोपवून कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात आणि रक्तातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. प्रत्येक टप्प्यावर धमनीतून रक्त काढून वेगळ्या यंत्रात तपासतात आणि तो आकडा ऑक्सिमीटरशी ताडून पाहतात. ७० च्या खाली जात नाहीत, कारण निरोगी माणसाला त्याहून खाली नेणं धोक्याचं आहे. हात गरम, बोट स्थिर, रक्तप्रवाह उत्तम. ज्याला यंत्राची खरी गरज असते तो माणूस मात्र तापाने फणफणलेला, थरथरणारा, कधी थंडगार बोटांचा असतो. बोटात रक्त कमी पोहोचलं की सिग्नल कमजोर होतो आणि आकडा नाचायला लागतो.

किती माणसं? अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १० पुरेशी होती. त्यातली किमान २ किंवा १५% (जो आकडा मोठा असेल तो) गडद वर्णाची. दहातली दोन! माझ्या मते सगळी गोची इथेच आहे.

रंगाचा प्रश्न

त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. ठोक्याबरोबर बदलणारा भागच मोजल्यामुळे त्वचेचा परिणाम आपोआप वजा व्हायला हवा, असं पुस्तकी गणित सांगतं. प्रत्यक्षात तो पूर्ण वजा होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रुग्णांची आकडेवारी मांडली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता, पण रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्याही खाली निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७% नोंदींत घडलं आणि गोऱ्या रुग्णांच्या ३.६% नोंदींत. म्हणजे यंत्र 'ठीक आहे' म्हणत होतं आणि रुग्ण ठीक नव्हता. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, त्याचे टक्के जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण सावळ्या-काळ्या त्वचेच्या आपल्या देशात हा विषय परका नक्कीच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नव्या सूचनांचा मसुदा काढला: आता १५० किंवा जास्त माणसं, आणि त्वचेचा रंग ठरवायला 'मंक' नावाची दहा छटांची पट्टी. हीच पट्टी २०२२ मध्ये गुगलने आपल्या सर्च आणि फोटोंसाठी स्वीकारली होती.

±२% म्हणजे काय नाही

प्रत्येक आकडा दोन टक्क्यांच्या आत असेल, असा याचा अर्थ नाही. ही सगळ्या चुकांची एक प्रकारची सरासरी असते. ढोबळमानाने दोन-तृतीयांश आकडे त्या मर्यादेत येतात, बाकीचे बाहेर, तेही लॅबमध्ये. एफडीएच्याच शब्दांत सांगायचं तर, मान्यताप्राप्त ऑक्सिमीटरने ९० दाखवले तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ च्या दरम्यान असू शकतो.

घड्याळ आणि ॲपचं काय?

घड्याळ मनगटावरून परत आलेला प्रकाश वाचतं. तिथे सिग्नल बोटापेक्षा कमजोर, आणि हात हलला की काम बिघडतं. ॲपलने २०२० मध्ये सिरीज ६ घड्याळात हे फीचर आणलं तेव्हाच ते वैद्यकीय वापरासाठी नाही असं लिहिलं होतं. बारीक अक्षरातली ही ओळ वाचाच, कारण असं लिहिलं की वैद्यकीय उपकरणाच्या कसोट्या टाळता येतात. फक्त फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपचा तर मी विचारच करत नाही. फ्लॅशमध्ये तो इन्फ्रारेड प्रकाश नसतो.

मग वापरायचा कसा?

पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, गडद नेलपॉलिश काढा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं.

एका आकड्यापेक्षा तुमच्याच आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो. त्वचा तीच, बोट तेच, यंत्र तेच, त्यामुळे चूकही साधारण सारखीच राहते. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सुचवलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी याच कल्पनेवर होती: चालण्याआधी मोजा, चालून झाल्यावर मोजा, ३% पेक्षा जास्त घसरलं तर डॉक्टरांना गाठा. बरं असताना तुमचा नेहमीचा आकडा किती, तो फोनच्या नोट्समध्ये आजच लिहून ठेवा. आणि धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर स्क्रीनवर ९६ असले तरी दवाखान्यात जा.