पाणपोई कोणाची?

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. रांजण एक जण देतो, पाणी दुसरा भरतो, आणि ज्याला तहान लागली असेल तो पितो. हा रांजण ज्या ओट्यावर ठेवला आहे तो ओटा कोणाच्या मालकीचा, असे पाणी पिणारा कधी विचारीत नाही. ते विचारण्याची वेळ येते ती ओटा विकला जातो तेव्हा. गेल्या तीस वर्षांत जगातल्या असंख्य खेळाडूंवर ही वेळ पुन्हा पुन्हा आली आहे. हे खेळाडू मैदानावरचे नव्हेत, संगणकाच्या पडद्यासमोर बसणारे. ज्या व्हिडिओ गेमवरून हल्ली घरोघरी जेवणाच्या पानावर वाद होतात, त्यांच्या इतिहासातले हे एक प्रकरण आहे. ज्यांनी आयुष्यात एकही असा खेळ खेळला नाही त्यांनीही ते ऐकावे असे मला वाटते.

प्रकरणाची सुरुवात डिसेंबर १९९३ मध्ये होते. अमेरिकेतल्या टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर कंपनीने ‘डूम’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक. खेळ चालवणारे यंत्र त्याने एकीकडे ठेवले आणि नकाशे, चित्रे, आवाज हे सारे ‘वॅड’ नावाच्या निराळ्या फायलींत घातले. रंगमंच तोच, पडदे आणि वेष तेवढे बदलावेत, तशी ही सोय. मग काय विचारता! खेळणाऱ्यांनी स्वतःचे नकाशे रचले, नवे वाडे आणि भुयारे उभारली आणि टेलिफोनच्या तारांवरून ती एकमेकांना फुकट वाटली. अशा पुरवणीला पुढे ‘मॉड’ किंवा ‘ॲड-ऑन’ हे नाव पडले. रात्री जागून या पुरवण्या करणाऱ्यांना दाम मिळत नव्हता. चार लोकांनी वाहवा केली की त्यांचे श्रम फिटत.

पण जेथे पुष्कळ लोक फुकट येतात तेथे दुकान टाकावे असे कोणाला तरी वाटतेच. १९९६ साली ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ हा खेळ निघाला. नकाशे रचण्याचे साधनही खेळाबरोबरच दिले होते, मात्र रचलेला नकाशा फुकटच वाटला पाहिजे अशी अट होती. मायक्रो स्टार नावाच्या एका तिसऱ्याच कंपनीने खेळाडूंनी केलेले तीनशे नकाशे गोळा केले, एका तबकडीवर भरले आणि ‘न्यूक इट’ या नावाने विकायला काढले. खेळाची वितरक फॉर्मजेन. तिच्याशी कज्जा सुरू झाला. १९९८ साली अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की हे नकाशे म्हणजे मूळ खेळाच्या कथेचे पुढले भागच होत, आणि पुढला भाग काढण्याचा हक्क मूळ धन्याचा. मायक्रो स्टार हरली. मला यात एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. भांडण दोन कंपन्यांचे होते. ज्यांनी ते तीनशे नकाशे रचले होते, ते वादीही नव्हते आणि प्रतिवादीही नव्हते.

पुढे इंटरनेट घरोघरी आले आणि तबकडीची गरज संपली. आता पुरवण्या ठेवायला मोठमोठी कोठारे उघडली. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्याच्या पडद्यावरची मांडणी खेळाडूंना आपल्या सोयीप्रमाणे बदलता येई: कोणी जादूच्या मंत्रांची बटणे नीट लावून देई, कोणी नकाशावर खुणा करून देई. ही कामे इतकी उपयोगी ठरली की त्यांच्यावाचून खेळणे पुष्कळांना अवघड वाटू लागले. मार्च २००९ मध्ये ब्लिझर्डने नियम केला, की अशी पुरवणी फुकटच असली पाहिजे, तिची संहिता कोणालाही वाचता आली पाहिजे, आणि तिच्यात जाहिरात किंवा देणगीची याचना असता कामा नये. काही लेखक रुसले, एकदोन नामांकित पुरवण्यांचे काम थांबले. पाणी फुकट राहिले खरे. पण ज्या ओट्यावर रांजण होते त्या ओट्याविषयी या नियमात फारसे काही नव्हते.

त्या ओट्यांपैकी सर्वांत मोठा ‘कर्स’ नावाच्या कंपनीचा होता. एक कळ दाबली की सगळ्या पुरवण्या आपोआप अद्ययावत होत, म्हणून लोक तिकडे वळले आणि तेथेच स्थिरावले. ॲमेझॉनने २०१४ साली ट्विच ही कंपनी घेतली होती. त्या ट्विचने २०१६ साली कर्स घेतली. आणि जून २०२० मध्ये कोठाराचा हा भाग, म्हणजे ‘कर्सफोर्ज’, ओव्हरवुल्फ या इस्रायली कंपनीकडे गेला. चार वर्षांत दोनदा धनी बदलला. रांजण भरणाऱ्यांना कोणी विचारले नाही, पिणाऱ्यांना तर नाहीच.

आता खेळाडूंची चिंता बोलून दाखवली जाऊ लागली. नव्या धन्याचा प्रोग्राम संगणकावर बसवावा लागे, त्यात जाहिराती दिसत, आणि तो पाठीमागे काय काय करतो अशी शंका लोकांना येई. तोवर काही हौशी मंडळींनी बिनजाहिरातीचे, सुटसुटीत असे स्वतःचे प्रोग्राम केले होते, आणि ते याच कोठारातून पुरवण्या आणून देत. २०२१-२२ मध्ये ओव्हरवुल्फने हा रस्ता आवळला. बाहेरच्या प्रोग्रामला किल्ली मागून घ्यावी लागे, आणि आपली पुरवणी अशा मार्गाने जाऊ द्यावी की नाही हे तिच्या लेखकाने ठरवावे, असे झाले. ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्या पुष्कळ मुलांना एके दिवशी आढळले, की शंभर पुरवण्यांच्या जुडग्यातल्या काही थोड्या आता हाताने, एकेक करून आणाव्या लागतात.

ओव्हरवुल्फची बाजूही ऐकली पाहिजे. कोठार चालवायला खर्च येतो. बाहेरचा प्रोग्राम फाइल फुकट नेतो, त्याला जाहिरात दिसत नाही, आणि त्या जाहिरातींच्याच उत्पन्नातून पुरवणीच्या लेखकाला वाटा मिळायचा असतो. अनेक लेखकांना आपल्या श्रमाचे चार पैसे प्रथमच मिळाले ते याच व्यवस्थेतून. शिवाय दारावर पहारा लागतो. जून २०२३ मध्ये चोरलेल्या खात्यांतून याच कोठारात माइनक्राफ्टच्या पुरवण्यांबरोबर घातक प्रोग्राम घुसवण्यात आले, आणि पुष्कळांच्या संगणकांना धोका झाला. नुसता ओटा मोकळा ठेवून भागत नाही; रांजणात कोणी काय टाकतो हे पाहणाराही पाहिजे.

मग चिंता खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम या बाजारात ‘स्कायरिम’ खेळाच्या पुरवण्या पैसे घेऊन विकण्याची सोय केली. शंभरातले पंचवीस पुरवणी करणाऱ्याला, तीस व्हॉल्व्हला आणि पंचेचाळीस खेळाच्या कंपनीला, बेथेस्डाला. लाखाहून अधिक लोकांनी निषेधावर सह्या केल्या. विक्रीला ठेवलेल्या पहिल्याच पुरवण्यांपैकी एकीत दुसऱ्या लेखकाचे काम वापरलेले निघाले आणि ती मागे घ्यावी लागली. २७ एप्रिलला, म्हणजे चार दिवसांत, सारी योजना गुंडाळली गेली.

दुसरे उदाहरण इंग्लंडातले. रॉबिन स्कॉटने २००१ साली सुरू केलेले संस्थान पुढे ‘नेक्सस मॉड्स’ म्हणून नावारूपाला आले. २०१५ च्या त्या वादळात फुकट पुरवण्यांचे माहेरघर तेच होते. त्याच नेक्ससने जुलै २०२१ मध्ये जाहीर केले, की यापुढे लेखकाने काढलेली फाइल खरोखर पुसली जाणार नाही, ती दप्तरी राहील. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी ५ ऑगस्टपर्यंत आपले काम काढून घ्यावे. जुडगे मोडू नये, ही खेळाडूंची सोय. पण आपले लिहिलेले परत घेण्याचा हक्क गेला, असे म्हणून कित्येक लेखक आपले काम घेऊन निघून गेले. येथे तर खेळाडूचे हित आणि लेखकाचे हित परस्परांच्या विरुद्ध उभे राहिले.

व्हॉल्व्हला चार दिवसांत माघार का घ्यावी लागली, आणि कर्सफोर्जवर लोक वर्षानुवर्षे नुसते कुरकुरत का राहिले? संताप दोन्हीकडे होता. फरक मला एवढाच दिसतो, की स्कायरिमच्या लोकांना दुसरे दार उघडे होते. नेक्सस शेजारीच होते. तेथे उठून जाता येत होते. कर्सच्या बाबतीत सोयीपायी बहुतेकांनी इतर दारांकडे जाणे सोडले होते, आणि दार वापरात नसले की त्याच्या कड्या गंजतात. पुढे ‘मॉडरिंथ’सारखी नवी ठिकाणे उभी राहिली, वॉरक्राफ्टच्या पुरवण्यांनाही ‘वागो’सारखे निराळे मार्ग मिळाले, तेव्हा कोठे या कोंडीत वारा खेळू लागला. ओव्हरवुल्फनेही पुढे आपल्या मुख्य प्रोग्रामवाचून चालणारी कर्सफोर्जची सुटी आवृत्ती काढली.

खेळाडूंचे गाऱ्हाणे पैशाचे आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. माझ्या मते ते विश्वासाचे आहे. फुकट दिलेली वस्तू विक्रीच्या यादीत दुसऱ्याचा माल म्हणून दिसावी, आणि ती देणाऱ्याला व घेणाऱ्याला एका शब्दाने विचारले जाऊ नये, हे मनाला लागते. वाचकहो, आपणही हल्ली आपली छायाचित्रे, पाककृती, लेकराबाळांचे बोबडे बोल असेच कोणाच्या तरी ओट्यावर ठेवून निर्धास्त झालो आहोत. ओटेवाला वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या ओट्यावर अवश्य बसावे, त्याचे उपकारही मानावेत. फक्त एक कळशी घरी भरून ठेवावी आणि गावात दुसरी पाणपोई कोणी घालीत असेल तर तिलाही चार घागरी पाणी पोचवावे.