फीडचे बटण कोणाच्या हाती?

सीएनसी मिलिंग मशीनच्या पॅनेलवर ‘फीड ओव्हरराइड’ नावाचे एक गोल बटण असते. कटर किती वेगाने पुढे सरकावा, म्हणजे फीड किती असावा, हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते. पण कारागीर हे बटण फिरवून तो कमी-जास्त करू शकतो. कटचा निर्णय कोणाचा, हा शंभर वर्षांहून जुना वाद या बटणात अजून शिल्लक आहे, असे मला वाटते.

वादाची सुरुवात फ्रेडरिक टेलर यांच्यापासून धरता येते. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे धातुकर्तनावरचा प्रबंध मांडला. त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस होता. वेग आणि फीड ठरवताना बारा घटकांचा हिशेब लागतो. त्यासाठी त्यांचे सहकारी कार्ल बार्थ यांनी खास स्लाइड रूल तयार केली. हा निर्णय मशीनवरच्या माणसाने नव्हे, नियोजन कार्यालयाने घ्यावा, हा त्यातला हेतू होता. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात टेलर पद्धतीने घड्याळ लावून काम मोजले जाऊ लागले, तेव्हा ओतकामगारांनी संप केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वाटा समोर होत्या. एकीत कुशल कारागिराच्या हालचाली फितीवर नोंदवून मशीनकडून तशाच करून घेतल्या जात. दुसरी वाट जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघाली आणि एमआयटीने १९५२ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखवले: आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन. विमानांचे गुंतागुंतीचे आकार कापायला दुसरी सोयीची होती, हे खरे. पण इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मधील ग्रंथात दाखवले, की कामगारावर नियंत्रण ठेवण्याची व्यवस्थापनाची इच्छाही या निवडीमागे होती.

आकड्यांच्या मशीनला मात्र कान नव्हते. कटर बोथट झाला, पोलादात कठीण जागा लागली, तरी ते लिहिलेल्या फीडनेच पुढे जाई. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेंडिक्स कंपनीने अमेरिकी हवाई दलासाठी टॉर्क, कंपन आणि तापमान मोजून फीड व वेग आपोआप बदलणारी यंत्रणा बनवली. कारागिराच्या हातून काढून घेतलेला निर्णय असा मशीनमध्ये परत आणावा लागला.

कडक केलेल्या पोलादाचे साचे वेगाने कापताना तिची गरज साध्या हिशेबाने कळते. दोन दातांचा कटर मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर तो सेकंदाला सुमारे ६६७ घास घेतो. दर घासाला ०.१ मिलिमीटर फीड धरला, तर माणसाला सावध व्हायला लागणाऱ्या ०.२ सेकंदात कटर १३ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. साच्याच्या आतल्या कोपऱ्यात कटरचा धातूशी संपर्क वाढतो, भार एकदम चढतो आणि कटर तुटू शकतो. इथे माणसाचा हात पुरत नाही. भार मोजून फीड उतरवणारी यंत्रणाच हवी.

पण तिलाही मर्यादा आहे. कटर झिजला की भार वाढतो आणि यंत्रणा फीड कमी करते. फीड फार कमी झाला की दात कापण्याऐवजी घासतो, उष्णता वाढते आणि कटर अधिकच झिजतो. अनुभवी कारागीर अशा वेळी फीड उतरवत नाही, कटर बदलतो. भार का वाढला, हे केवळ भार मोजून कळत नाही.

पुसदसारख्या गावाला हा प्रश्न विशेष लागू आहे. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाट खुली झाली आणि त्याच वर्षी इथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. साच्यांना मागणी असलेले वाहन कारखाने मात्र चाकण-वाळूजकडे. म्हणून इथल्या विद्यार्थ्याच्या हाती टेलरचे समीकरण आधी येते आणि कटरचा बदललेला आवाज बऱ्याच उशिरा. पुढे त्याला स्वतःच फीड ठरवणारे मशीन मिळाले, तर तो आवाज ओळखायला तो शिकणार कुठे?

माझ्या मते याचे उत्तर साध्या, हाताने फीड देण्याच्या मिलिंग मशीनमध्ये आहे. वर्कशॉपमधून अशी मशीन जुनी म्हणून काढू नयेत. हँडव्हीलवर भार चढताना ज्याला जाणवला, त्यालाच पुढे पडद्यावरचा भाराचा आकडा वाचता येईल आणि कटर कधी बदलायचा, हे सांगता येईल.