सहा टिंबांची लिपी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पाटीवरचे अक्षरही तेथे वादाचा विषय झाले. एक लिपी मात्र या वादाबाहेर राहिली. तिचा निकाल त्याआधी पाच वर्षे लागला होता.

भारतातील अंधशाळांत पूर्वी ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. एकीत शिकलेल्यास दुसरीतले पुस्तक परके वाटे. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. भाषा कोणतीही असो, वर्ण तोच तर टिंबेही तीच, हे तिचे तत्त्व. पहिले व तिसरे टिंब म्हणजे 'क', मग तो मराठी असो वा कानडी. 'कमल' हा शब्द दोन्ही भाषांत बोटाला सारखाच लागतो.

निपाणीच्या आईबापांना याचे मोल विशेष. त्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. मूल कोणत्याही बाजूला शिकले तरी टिंबे वाया जात नाहीत. भाषा तेवढी निराळी शिकावी लागते, आणि ते काही थोडे काम नव्हे. कागदपत्रांची अशी सोय व्हायला मात्र २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचा दाखला देशभर ग्राह्य ठरविला. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला.

ही टिंबे डोळस आईलाही शिकता येतात. ती डोळ्यांनी वाचते, मूल बोटांनी. लिहिताना मात्र पाटीवर कागद उजवीकडून डावीकडे टोचावा लागतो.