टॅब्लुट

टॅब्लुट : दोन खेळाडूंनी पटावर खेळावयाचा एक युद्धप्रधान बैठा खेळ. उत्तर स्कँडिनेव्हियातील लॅपलँडमधील सामी लोकांत तो प्रचलित होता. बुद्धिबळाचा प्रसार होण्यापूर्वी उत्तर यूरोपात खेळल्या जाणाऱ्या ह्नेफाताफ्ल या खेळाचा हा एक प्रकार होय. बुद्धिबळात दोन्ही पक्षांचे बळ सारखे असते. टॅब्लुटमध्ये ते संख्येने व उद्दिष्टानेही विषम असते. अशा पक्षांना विजयाची समान संधी कशी द्यावयाची, हा या खेळाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस (१७०७–७८) याने १७३२ मध्ये लॅपलँडच्या प्रवासात हा खेळ पाहून त्याचे नियम दैनंदिनीत नोंदविले. पट ९ × ९ म्हणजे ८१ घरांचा असतो. मध्यघरात राजा व त्याच्याभोवती ८ स्वीडिश सैनिक असतात. चारही कडांच्या मध्याशी प्रत्येकी ४ याप्रमाणे १६ मॉस्कोवासी हल्लेखोर असतात. सर्व सोंगट्या बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे सरळ रेषेत चालतात. शत्रूच्या दोन सोंगट्यांमध्ये समोरासमोर कोंडली गेलेली सोंगटी मारली जाते. राजा पटाच्या कडेला पोहोचल्यास स्वीडिश पक्ष जिंकतो, तो पकडला गेल्यास हल्लेखोर. हल्लेखोर संख्येने जवळजवळ दुप्पट असले, तरी त्यांना चारही कडा राखाव्या लागतात. राजाला एकच मोकळी वाट पुरते. अशी एक वाट मिळताच ‘रायची’ व दोन मिळताच ‘तुइची’ असे म्हणण्याची पद्धत होती. दोन वाटा एका चालीत अडविणे सहसा शक्य नसल्याने दुसऱ्या घोषणेनंतर डावाचा निकाल लागल्यासारखाच असे.

हा समतोल राजाला पकडण्याच्या नियमावर अवलंबून आहे. लिनीअसच्या नोंदीप्रमाणे सिंहासनावरील राजाला चारही बाजूंनी व सिंहासनालगतच्या राजाला उरलेल्या तीन बाजूंनी वेढावे लागते. अन्यत्र मात्र तो सैनिकाप्रमाणे दोन सोंगट्यांनीही पकडला जातो. कार्ल ट्रोइलिअसने केलेले दैनंदिनीचे इंग्रजी भाषांतर जेम्स एडवर्ड स्मिथने १८११ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले. त्यात ‘राजासुद्धा’ या अर्थाच्या मूळ शब्दांचे ‘राजाखेरीज’ असे भाषांतर झाले. परिणामी राजाला सर्वत्र चार बाजूंनी वेढणे आवश्यक मानले गेले आणि डाव राजपक्षाकडे झुकला. एच्. जे. आर्. मरी याने १९१३ मध्ये बुद्धिबळाच्या इतिहासग्रंथात हेच भाषांतर आधारास घेतल्याने चुकीच्या नियमास अधिकृतता लाभली आणि मूळ खेळच सदोष असावा, असा समज दृढ झाला.

हा दोष घालविण्यासाठी पुढे निरनिराळे उपाय योजले गेले. काही आधुनिक प्रकारांत राजाने कडेऐवजी कोपऱ्याचे घर गाठावे, असे ठरविण्यात आले. त्यामुळे हल्लेखोरांना राखावयाची स्थाने चारच उरली. दोन्ही खेळाडूंनी पक्ष बदलून दोन डाव खेळण्याची रीतही रूढ झाली. तीत नियमांतील विषमता कायम राहते, परंतु ती दोघांच्याही वाट्याला सारखीच येते. मूळ दैनंदिनीच्या पुनर्वाचनातून एकविसाव्या शतकात भाषांतरातील चूक उघड झाली. सैन्याची संख्या, विजयाचे उद्दिष्ट व पकडण्याचा नियम यांच्या परस्परसंबंधातूनच विषम पक्षांचा समतोल साधला जातो आणि त्यांपैकी एकही घटक बदलल्यास तो ढळतो, हे टॅब्लुटच्या इतिहासावरून स्पष्ट होते.