बाळ आणि वैशाखातले ऊन : मलमाआधी सावली

पांढरकवडा : शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या लेकीसुना तान्ह्या बाळांना घेऊन विदर्भातल्या माहेरी किंवा आजोळी येतात. केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पांढरकवड्यात नागपूर-हैदराबाद महामार्गावरून उतरणाऱ्या या कुटुंबांच्या सामानात गेल्या काही वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे बाळासाठी घेतलेली सनस्क्रीनची ट्यूब. ती लावावी का, कोणत्या वयापासून लावावी आणि लावली म्हणजे बाळाला दुपारी बाहेर नेता येते का, हे प्रश्न औषधाच्या दुकानात आणि दवाखान्यात हमखास विचारले जातात. त्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे आणि इथल्या उन्हात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

सनस्क्रीन त्वचेला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवते, उष्णतेपासून नाही. हा फरक युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशात फारसा जाणवत नाही. तेथे समुद्रकिनाऱ्यावर खेळणाऱ्या गोऱ्या मुलाची त्वचा भाजणे हाच मुख्य धोका असतो, आणि पाकिटांवरील बहुतेक सूचना त्याच मुलाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. हवामान खात्याचा हा आकडा सावलीत, जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उन्हात उभ्या माणसाला प्रत्यक्षात सोसावे लागते ते याहून अधिक. अशा हवेत बाळाचा पहिला शत्रू उष्माघात आहे, आणि उष्माघातावर कोणतेही मलम नाही.

तान्ह्या बाळाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रतिकृती नसते. वजनाच्या तुलनेत त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे बाहेरची उष्णता ते झपाट्याने शोषते, आणि त्वचेवर लावलेले औषधही त्याच प्रमाणात अधिक शरीरात जाऊ शकते. त्वचेचा वरचा थर पातळ असतो, घाम येण्याची क्षमता पुरती विकसित झालेली नसते आणि तहान लागली हे सांगता येत नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा एका रुग्णालयात पारा ४२ अंशांवर गेल्यानंतर उष्णतेने आजारी पडलेल्या नवजात बालकांची संख्या वाढत गेल्याचे अभ्यासकांना आढळले. प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावरून खाली हलविल्यावर हा त्रास कमी झाला. ही बाळे उन्हात गेलेली नव्हती. ती तापलेल्या छताखाली होती. टिनाचे पत्रे किंवा उघडे स्लॅब असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जुन्या कवेलूच्या घरातली मधली खोली याबाबतीत नव्या बंगल्यातील वरच्या बेडरूमपेक्षा बरी ठरते.

सहा महिन्यांची सीमारेषा

सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला सनस्क्रीन सर्वसाधारणपणे लावू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना थोडी सवलत देते. सावली आणि पुरेसे कपडे मिळणे शक्यच नसेल, तर चेहरा व हातांची मागील बाजू अशा लहानशा भागावर अगदी थोडे सनस्क्रीन लावण्यास तिची हरकत नाही. मात्र ही अडचणीच्या वेळची सोय आहे, रोजचा शिरस्ता नव्हे. आपल्याकडे अनेक घरांत सनस्क्रीन आणण्यामागचे खरे कारण ‘बाळ काळे पडेल’ हे असते, असे दिसते. त्वचेचा रंग थोडा उतरणे हा आजार नाही, आणि त्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या बाळाला रसायने फासणे समर्थनीय नाही. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही भारतीयांमध्ये गोऱ्या वंशांच्या तुलनेत बरेच कमी आहे.

सहा महिन्यांनंतर सनस्क्रीन वापरता येते. परंतु कोणते, हे पाहावे लागते. सनस्क्रीनचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एका प्रकारात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे असतात. ती त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात, म्हणून बाळासाठी हाच प्रकार सुचविला जातो. लावल्यावर पांढरट थर दिसतो, तो दोष मानू नये. दुसऱ्या प्रकारात ऑक्सिबेन्झोन, अव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखी अतिनील किरणे शोषणारी रसायने असतात. २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत ही रसायने प्रौढांच्या रक्तात उतरत असल्याचे दिसून आले. रक्तात सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हे संशोधकांनी स्पष्ट केले आहे. तरीही अमेरिकेच्या प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात सुरक्षित व परिणामकारक म्हणून केवळ वरील दोन खनिजांचीच नावे घेतली आणि बहुतेक इतर घटकांबद्दल अधिक माहिती मागितली. पर्याय उपलब्ध असताना बाळावर प्रयोग कशाला?

पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, आणि सुगंध नसल्याची नोंद, एवढे पाहिले तरी पुरे. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरणे अडवते. म्हणजे आकडा फुगला तरी लाभ तेवढा वाढत नाही. शिवाय ही मोजणी जाड थर लावून केलेली असते. आपण लावतो तेवढ्या पातळ थरातून प्रत्यक्ष संरक्षण पुष्कळ कमी मिळते. पहिल्यांदा वापरताना बाळाच्या मनगटाच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक दिवस थांबावे. पुरळ किंवा लाली आली, तर ते उत्पादन बाद समजावे. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, घाम आल्यास वा अंग पुसल्यास त्याआधीच, पुन्हा लावावे. डोळ्यांच्या कडा, तोंडाभोवतीचा भाग आणि बाळ चोखत असलेली बोटे वगळावीत. फवाऱ्याचे सनस्क्रीन श्वासातून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून ते नको. डास पळविणारे औषध आणि सनस्क्रीन एकत्र असलेले मलमही टाळावे, कारण सनस्क्रीन वारंवार लावावे लागते आणि डासांचे औषध तसे लावायचे नसते. आणखी एक इथल्यापुरती गोष्ट अशी की, उन्हात उभ्या मोटारीत राहिलेली ट्यूब फेकून द्यावी. त्या उष्णतेत तिचे गुण टिकत नाहीत.

खोबरेल तेल हे नैसर्गिक सनस्क्रीन आहे, असा एक समज अलीकडे पसरला आहे. त्याच्यावर बाळाचे संरक्षण सोपविता येणार नाही. मालिशीसाठी ते उत्तम आहे, पण मालिश करून तेलकट अंगाने बाळाला उन्हात ठेवू नये. घामोळ्यांवर पावडरीचा मारा करणेही चुकीचे. पावडरीचे कण बाळाच्या श्वासात जातात.

कोवळे ऊन आणि ड जीवनसत्त्व

येथे आजीबाईंचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बाळाला कोवळ्या उन्हात शेकायचेच नाही, तर हाडे कशी बळकट होणार? या प्रश्नाचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारी यूव्हीबी किरणे सूर्य चांगला वर आल्यावरच जमिनीपर्यंत पुरेशी पोहोचतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती नगण्य असतात. ज्या वेळी ती भरपूर असतात, ती उन्हाळ्यातली दुपार बाळासाठी असह्य असते. शिवाय सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व बनविण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व थेंबांच्या रूपाने देण्याची शिफारस केली आहे. बाजारातील काही बाटल्यांत एका मिलीलिटरला ४००, तर काहींत ८०० युनिट असतात. तेव्हा ड्रॉपर भरण्यापूर्वी लेबल वाचावे आणि किती द्यायचे हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्यावे. सकाळी सातच्या आत अंगणात बाळाला पाच-दहा मिनिटे घेऊन बसण्यात वाईट काहीच नाही. मात्र त्यातून ड जीवनसत्त्वाची गरज भागते, असे धरून चालू नये.

कावीळ झालेल्या नवजात बाळाला उन्हात ठेवण्याचा सल्लाही आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्याला इतिहास आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ मध्ये एका परिचारिकेच्या लक्षात आले, की अंगणात नेलेल्या बाळाचा जेवढा भाग उघडा होता तेवढ्या भागाचा पिवळेपणा उतरला आहे. त्यातूनच पुढे निळ्या प्रकाशाच्या दिव्यांचा उपचार विकसित झाला. पण तो इंग्लंडचा सूर्य होता. इथल्या उन्हात उघडे ठेवलेले बाळ तापते, त्याच्या अंगातील पाणी घटते, आणि कावीळ किती वाढली हे घरात कळतही नाही. बाळ पिवळे दिसल्यास रक्ततपासणी आणि गरज पडल्यास रुग्णालयातील दिवे, हाच मार्ग आहे.

सावली कशी ओळखावी

केळापूर आणि पांढरकवडा हे २० अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत. त्यामुळे २० मेच्या आणि पुन्हा २३ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या काळात अतिनील किरणांचा निर्देशांक निरभ्र दुपारी ११ च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनात ‘अतितीव्र’ गटात जातो. मोबाइलवर निर्देशांक पाहण्याची गरजही नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर बाळाला बाहेर नेण्याची ती वेळ नव्हे. उन्हाळ्यात सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंतचा काळ यात येतो, आणि उष्णतेचा विचार केला तर सायंकाळी सहापर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

विरळ पानांच्या बाभळीची सावली आणि कडुनिंब, आंबा वा चिंचेची दाट सावली यांत मोठा फरक असतो. दुपारभर सावली सरकत राहते. झाडाला बांधलेली झोळी तासाभराने उन्हात आलेली असते, हे कामात गुंतलेल्या आईच्या लक्षात येतेच असे नाही. मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करण्याच्या हंगामात, पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करताना, वीटभट्टीवर, अशी अनेक बाळे आईबरोबर उन्हात असतात. त्यांच्यासाठी सनस्क्रीनची चर्चा निरर्थक आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी आणि ‘मुलांसाठी सावली’ पुरविण्याचे बंधन घातले होते. लहान मुले पाच किंवा अधिक असतील, तर एका मजूर स्त्रीने त्यांना सांभाळावे, अशीही तरतूद होती. सावली ही कायद्यात लिहावी लागणारी गोष्ट आहे, हे त्या मसुदाकारांना कळले होते. मात्र खासगी शेतावर ती मालकाच्या मर्जीवरच राहिली.

कपड्यांबाबत आपली जुनी रीत चांगली आहे. सैल, पूर्ण बाह्यांचे सुती झबले हवे. टोपडे डोके झाकते, पण चेहऱ्यावर सावली धरत नाही, म्हणून बाहेर जाताना रुंद काठाची टोपी घ्यावी. ओल्या सुती कापडातून अतिनील किरणे अधिक आत येतात. बाबागाडीवर जाड दुपटे टाकणे किंवा दुचाकीवर बाळाचे तोंड ओढणीत घट्ट गुंडाळणे, हे संरक्षण वाटले तरी आत हवा कोंडते आणि तापमान चढते. ४४ अंशांत दुचाकीवरचा वारा बाळाला थंड करीत नाही, उलट तापवतो. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला निघणाऱ्यांनीही ऑक्टोबरचे ऊन कमी लेखू नये. बंद मोटारीत बाळाला मिनिटभरही एकटे ठेवू नये. काच थोडी खाली ठेवल्याने तेथील तापमानात विशेष फरक पडत नाही.

सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही बाळाला वरचे पाणी, पन्हे, साखरपाणी वा घुटी देऊ नये. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असते. अंगावर अधिक वेळा पाजावे, आणि पाणी आईने प्यावे. बाळ दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी करीत असेल, टाळू खोल गेली असेल, ते सुस्त पडून दूध ओढत नसेल किंवा अंग चटका बसण्याइतके गरम लागत असेल, तर ते ऊन लागल्याचे लक्षण समजावे. बाळाला लगेच सावलीत आणून कपडे उतरवावेत, साध्या पाण्याने अंग पुसत पंख्याने वारा घालावा. बर्फाचे पाणी वापरू नये. तापाचे औषध उष्माघातावर चालत नाही, आणि कांद्याचा रस चोळण्यात वेळ जातो. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर कारण ऊन असो वा संसर्ग, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. गाडी येईपर्यंत आणि प्रवासातही अंग पुसणे थांबवू नये. बाळ शुद्धीवर असून ओढत असेल, तर दूध पाजत राहावे.