स्वस्त तबकडी आणि श्रोत्याचा कान



‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. तबकड्यांच्या इतिहासात मात्र एकदा नेमके उलटे घडले. हाती सोने होते, पण त्यावर नावच नव्हते! ती हकीकत आज सांगायची आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात शुबर्ट, ब्राम्स, चायकोव्हस्की अशा रचनाकारांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहिले. त्याला तिकडे रोमँटिक संगीत म्हणतात. सत्तर-ऐंशी वादक, प्रत्येकापुढे त्याची स्वरलिपी, आणि सर्वांना एका चालीत ठेवणारा संचालक. एवढा वृंद पोसायचा म्हणजे पैसा हवा. म्हणून हे संगीत मोठ्या शहरांत, आणि तिथेही तिकीट परवडेल त्याच्यापुरतेच राहिले.

ग्रामोफोनने ते घरात आणले, पण स्वस्तात नव्हे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच वादन मावे. १९१३ साली आर्थर निकिश यांनी बर्लिनच्या वृंदाकडून बेथोव्हेनची पाचवी सिंफनी वाजवून घेतली, तिला आठ बाजू लागल्या. एक रचना ऐकायची तर तबकड्यांचा अख्खा संच घ्यावा लागे. सामान्य नोकरदाराने तो घ्यावा कसा?

१९३८ साली अमेरिकेत ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकाने यावर एक युक्ती काढली. वाचकांना अगदी कमी दरात अशा रचनांचे संच मिळू लागले. त्यांत शुबर्टची ‘अपुरी’ सिंफनीही होती. तबकडीवर रचनेचे नाव होते, पण वाजवणाऱ्यांचे नव्हते. आणि वाजवणारे कोण? फिलाडेल्फियाच्या वृंदासारखे नामांकित वादक! पुढे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आर.सी.ए. कंपनीने ‘कॅम्डेन’ नावाच्या स्वस्त मालेत जुनी मुद्रणे पुन्हा काढली. त्यांवर नावे होती, पण खोटी. फिलाडेल्फियाचा वृंद झाला ‘वॉरविक’, बॉस्टनचा झाला ‘सेंटेनियल’. हेतू उघड होता. तेच नाव स्वस्त मालावर छापले, तर महाग माल घेणार कोण?

गिऱ्हाइकाची मोठी गंमत झाली. नाव पाहून पारख करणाऱ्याला हा किरकोळ माल वाटावा, आणि कानाने पारखणाऱ्याने तो आनंदाने घरी न्यावा. स्वस्त दराला मागणी आहे हे व्यापाऱ्यांनाही उमगले. १९४० साली कोलंबिया कंपनीने मोठ्या अभिजात तबकडीची किंमत दोन डॉलरवरून एका डॉलरवर आणली, आणि प्रतिस्पर्ध्यालाही मागे यावे लागले.

हीच गोष्ट १९८७ साली वेगळ्या रूपात घडली. हाँगकाँगला राहणाऱ्या क्लाउस हायमान या जर्मन व्यापाऱ्याने ‘नॅक्सॉस’ ही संस्था काढली. ब्रातिस्लाव्हा, काटोविसे येथील वृंदांकडून रोमँटिक रचना वाजवून घेतल्या आणि त्या काळच्या नव्या सी.डी. मोठ्या कंपन्यांच्या मानाने फारच कमी दरात विकल्या. इथे नावे खरी होती, पण बहुतेकांच्या ओळखीची नव्हती. लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, ‘वादन सरधोपट आहे, थोर संचालकाची सर याला नाही.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘नवख्याला एका सी.डी.च्या पैशांत दोन-तीन रचना मिळतात, हे थोडे आहे का?’ पुढे पुष्कळ टीकाकारांचेही मत निवळले.

या स्वस्ताईची आणखी एक बाजू आहे. नॅक्सॉसच्या पद्धतीत वादकांना एकदाच ठरीव बिदागी मिळे. विक्रीतला वाटा मिळत नसे. आणि १९३८ च्या त्या वादकांना तर नावाचा मानही मिळाला नाही. श्रोत्याला स्वस्त पडते, तेव्हा फरक कुणाच्या तरी पदरातून जातो, हे विसरून चालणार नाही.

मग कौल कुणाच्या बाजूने द्यावा? मला वाटते, संगीत चार घरांत अधिक पोचले ही जमेची बाजू खरी. पण वादकाचे नाव आणि मोबदला राखूनही ते पोचवता आले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एकच रचना दोन वृंदांकडून ऐकवावी, नाव आणि किंमत सांगू नये, आणि मुलांना विचारावे, कोणती आवडली व का? ‘का’चे उत्तर देताना मुले नीट ऐकायला शिकतील. मत बनवावे ते कानांनी. वेष्टन मागाहून वाचावे.