सेन्दाईच्या शेतातली वाळू

सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग उघडतो. बहुतेक वेळा इशारा त्यात आधीच असतो, फक्त कुणी वाचलेला नसतो. जपानमधल्या सेन्दाईच्या भातशेतांबद्दल वाचताना मला तेच आठवत राहिलं.

तिथं काळ्या चिखलात वाळूचा थर आहे, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतपर्यंत. वाळू तर नदीचा पूरही आणतो, मग ही समुद्राची कशावरून? तर आत जावं तसा थर पातळ होतो आणि त्यात खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म डायटम सापडतात. काळ सांगते राख. वाळूच्या जरा वर तोवादा ज्वालामुखीच्या ९१५ सालच्या उद्रेकाची पांढुरकी राख आहे, म्हणजे वाळू त्याआधीची. दरबारी बखरीत ८६९ सालची नोंद आहे: भूकंप झाला, समुद्र आत शिरला, सुमारे १००० माणसं बुडाली. बखरी फुगवून सांगतात, हे आपल्याला काय नवीन? इथं मात्र मातीनंच दुजोरा दिला.

खाली असेच आणखी जुने थर निघाले. २००१ मध्ये कोजी मिनोउरा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं: अशी लाट ८०० ते ११०० वर्षांनी येते, आणि ११०० वर्षं उलटून गेलीत. २००९ मध्ये भूवैज्ञानिक युकिनोबू ओकामुरा यांनी फुकुशिमा अणुकेंद्राच्या सरकारी तपासणीत ८६९ चा मुद्दा काढला. केंद्राचा हिशेब मात्र सुमारे ६ मीटर लाटेचाच राहिला.

११ मार्च २०११ ला तिथं साधारण १४ मीटर पाणी चढलं.

नंतर संशोधकांनी सेन्दाईत ताजी वाळू मोजली. ती ३ किलोमीटरच्या आसपास संपत होती. पाणी मात्र जवळपास ५ किलोमीटर आत गेलं होतं. म्हणजे ८६९ मध्येही पाणी वाळूच्या पुढं गेलं असणार.